सात आवाजांची मोजणी

आगीचा सराव आहे हे प्रयोगशाळेतल्या चौदाही जणांना आदल्या दिवसापासून ठाऊक होतं, त्यामुळे घंटा वाजली तेव्हा कोणाच्याही तोंडचं पाणी पळालं नाही. कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या बनवणारी ती छोटी प्रयोगशाळा चौथ्या मजल्यावर होती. माणसं जिना उतरली तीही गप्पा मारत, कोणी हातातला चहा सांभाळत, कोणी एप्रनवरचं प्लास्टर झटकत. खाली वाहनतळात सुरक्षेचा नवा माणूस गळ्यात शिट्टी अडकवून उभा होता. ओळीत उभे राहा आणि आपापला क्रमांक मोठ्याने बोला, असं त्याने सांगितलं. कवळ्यांत दात बसवणारी ती, तिचा क्रमांक नऊ. तिने नऊ म्हटलं, पुढच्याने दहा म्हटलं. अकरा म्हणजे पॉलिशच्या मोटारीवर बसणारी मुलगी, आणि ती फोनवर बोलत वरच राहिली होती. माझं तेवढं बोलून टाक, असं तिने बाराव्याला डोळे मिचकावून सांगून ठेवलं होतं. बाराव्याने आवाज बारीक करून "अकरा" म्हटलं. ओळीत खसखस पिकली. सुरक्षेच्या माणसाने मान खालीच ठेवून यादीवर खूण केली, आणि तेवढ्यात नवव्या जागेवरून कोणीतरी किंचाळलं. आपणच किंचाळतोय हे तिला दोन क्षणांनी कळलं. "अकरा इथे नाहीये! वर आहे ती! ती वर आहे!"

बावीस वर्षांत त्या प्रयोगशाळेत तिचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. सगळे तिच्याकडे बघत राहिले. पॉलिशवाल्या मुलीला बोलणी खावी लागली आणि दिवसभर ती फणकाऱ्याने मोटार फिरवत राहिली. बाराव्याने दोनदा येऊन विचारलं, अहो एवढं काय झालं, गंमत होती. तिने काही नाही म्हणून सांगितलं आणि मेणाच्या पट्टीवर दात बसवायला घेतले. खालची कवळी होती, कुठल्याशा सत्तरीतल्या बाईंची. एकेक दात चिमट्याने उचलायचा, तापवलेल्या मेणात टेकवायचा, वरच्या दाताशी त्याची गाठ पडते की नाही ते बघायचं. हे काम ती झोपेतही करू शकली असती. पण तासाभराने पाहते तर डावीकडचा सुळा उजवीकडे बसलेला. शिकाऊ मुलंसुद्धा पहिल्या महिन्यानंतर ही चूक करत नाहीत. तिने तो सुळा मेणातून उपटला, तळहातावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. अडतीस वर्षं जी गोष्ट तिने पोटात ठेवली होती ती आज वाहनतळात, सगळ्यांसमोर, भलत्याच मुलीच्या नावाने बाहेर पडली होती. आता ती परत आत जाणार नाही हे तिला स्वच्छ कळलं. तिला भीती वाटली, आणि त्या भीतीखाली, कित्येक वर्षांत वाटला नव्हता असा एक निश्चय वाटला.

ती लहान असताना तळ्याकाठचं एक लाकडी घर तीन मित्रांनी मिळून भाड्याने घेतलेलं असे, दर उन्हाळ्यात दोन आठवडे. एक तिचे वडील, पुलांच्या खात्यातले, कडी-कोयंडे, दोऱ्या आणि कंदील यांचे स्वयंघोषित अधिकारी. दुसरे बेकरीवाले, जे सुट्टीवरसुद्धा पहाटे चारला उठत आणि मग काय करावं ते न सुचल्यामुळे सगळ्यांचे बूट पुसून ठेवत. तिसरे सूरकाका. सूरकाका पियानो सुरात लावत. शहरातल्या शाळा, सभागृहं, श्रीमंतांच्या बैठकीच्या खोल्या, सगळीकडे त्यांना बोलावणं असे. तिन्ही घरची मिळून सात मुलं, आणि तिथे पोचल्याबरोबर मुलांची नावं संपत. वयाप्रमाणे आकडे मिळत. बेकरीवाल्यांचा थोरला पहिला, त्याची बहीण दुसरी, असं करत ती चौथी आणि सूरकाकांची एकुलती एक मुलगी पाचवी. दोघींमध्ये चार महिन्यांचं अंतर, तेवढ्यावर ती पाचवीवर ताईगिरी करून घेई आणि पाचवी ती चालवूनही घेई. सहावा तिचा भाऊ, सातवा बेकरीवाल्यांचं शेंडेफळ, ज्याला स्वतःचा आकडा सोडून बाकी कुठलाच आकडा येत नव्हता. त्या घराला राळेचा आणि ओल्या लोकरीचा वास येई. पाण्याचा पंप तीनदा खोकल्याशिवाय पाणी देत नसे. खाली दोन खोल्या मोठ्यांच्या, वर उतरत्या छपराखाली माळा आणि माळ्यावर ओळीने सात गाद्या. माळ्यावर जायला सात पायऱ्यांची शिडी होती. तिच्या गादीशेजारच्या फळीला, लाकडातली गाठ निघून पडल्यामुळे, एक भोक पडलं होतं. त्यातून खालचा उजेड वर येई आणि खालचं बोलणंही. मोठी माणसं आपल्यामागे काय बोलतात हे साती मुलांत फक्त तिला माहीत असे, आणि त्याचा तिला केवढा तोरा होता.

तिथली मोजणी सूरकाका घेत. उन्हाळ्यात तिथे उजेड उशिरापर्यंत रेंगाळे, मुलं जेवून पुन्हा तळ्याकडे पळत, म्हणून झोपण्याआधी सगळी घरात आली की नाही ते पाहायला हवं असे. बेकरीवाले म्हणायचे, वर चढून डोकी मोज की. सूरकाका म्हणायचे, डोकी डोळ्यांनी मोजतात, मी कानांनी मोजतो. शिडीखाली उभं राहून ते आपला नादकाटा गुडघ्यावर आपटत आणि त्याचा दांडा शिडीच्या लाकडाला टेकवत. त्या दोन पात्यांच्या पोलादी काट्याचा सूर शिडीत उतरे, शिडीतून माळ्याच्या फळ्यांत जाई आणि साती गाद्यांखाली एक बारीक गुंजन सुरू होई. कान गादीला लावला तर ते दातांपर्यंत येई. मग अंधूक माळ्यावरून एकेक आकडा खाली पडे. एक. दोन. तीन. सूरकाका खालून सांगत, तिसऱ्याला सर्दी झालीय, उद्या पाण्यात उतरू नकोस. सहावा रडून झोपतोय, काय झालं रे. ते कधी चुकले नाहीत. सात झाले की ते "पुरे" म्हणत, आणि त्यांचं पुरे ऐकून तिचे वडील कंदील घेऊन बाहेर पडत, होडीघराची कडी लावत, मागचं दार लावत, आणि मग खाली पत्त्यांचा डाव मांडला जाई. त्या घरातलं सगळं त्या एका शब्दावर चालत असे, आणि तिला वाटे की जगही असंच चालत असणार. कोणीतरी शिडीखाली उभं राहून ऐकत असणार आणि सगळं जागेवर आहे असं सांगत असणार. सत्तेचाळीसाव्या वर्षी, हातात उपटलेला सुळा घेऊन, तिला तेव्हाच्या त्या विश्वासाचा हेवा वाटला.

शेवटच्या उन्हाळ्यात होडीघरात, उलट्या टाकलेल्या जुन्या होडीखाली, एक रानबदक अंड्यांवर बसलं होतं. ते फक्त दोघींना ठाऊक होतं. त्या संध्याकाळी पाचवीने अंड्याला कान लावून आतली टकटक ऐकली होती, बापाचेच कान ते. आज पिल्लं निघणार, ती म्हणाली, मी बघितल्याशिवाय येत नाही. मोजणी झाली तर माझंही तू म्हण, मी दहा मिनिटांत स्वयंपाकघराच्या खिडकीतून येते. चौथीने मान हलवली. यात तिला काडीचंही वावगं वाटलं नाही. उलट सूरकाकांना फसवता येतं का हे बघायची खुमखुमी होती, ती जास्त. मोजणीला तिने चार म्हटलं आपल्या आवाजात, मग उशीत तोंड वळवून, पाचवी म्हणायची तसं जरा नाकातून आणि लांबवून, पाऽच म्हटलं. खाली क्षणभर थांबल्यासारखं झालं. तिने श्वास रोखून धरला. मग सहा, मग सात, मग पुरे. तिला एवढी मोठी बाजी मारल्यासारखं वाटलं की तिने उशीत हसू दाबलं. फळीच्या भोकातून वडिलांनी कंदील उचलल्याचा आवाज आला. ते होडीघराची कडी लावायला निघाले आहेत हे तिने ऐकलं, आणि ऐकूनही त्याचा अर्थ तिच्या डोक्यात शिरला नाही. मोजणी पूर्ण झालेली, म्हणजे आत कोणी असायचा प्रश्न नाही, म्हणून वडिलांनी आत न डोकावता कडी सरकवली. ती पाचवीची वाट बघत पडून राहिली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. आणि मग, हेच तिला आयुष्यभर कोणाला सांगता आलं नाही, मग ती चक्क झोपून गेली.

जाग आली ती खालच्या आरडाओरड्याने. काकू, म्हणजे पाचवीची आई, सातव्याला पाणी द्यायला वर आल्या होत्या आणि त्यांना पाचवी गादी रिकामी दिसली होती. दीड तास गेला होता. होडीघर उघडलं तेव्हा पाचवी गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहून दारावर थापा मारत होती. ओरडून ओरडून तिचा आवाज पार बसला होता. वारा उलटा होता, काहीच घरापर्यंत पोचलं नव्हतं. तिला ताप भरला, आठ दिवसांत उतरला, आणि तिच्यापुरतं पाहिलं तर गोष्ट तिथे संपली. पण त्या वेळी खाली जे चाललं होतं ते भोकातून सगळं वर येत होतं. काकू म्हणत होत्या, पोटच्या पोरीचा आवाज ओळखता येत नाही? आणि तिचे वडील, ज्यांनी स्वतःच्या हाताने कडी लावली होती आणि जे त्या विचाराने पांढरेफटक पडले असणार, ते सगळ्यांच्या वर ओरडत होते. तुझे कान कामातून गेलेत, ते म्हणत होते, लोकांच्या पियानोंचं काय करतोस देव जाणे. सूरकाकांचा आवाज फक्त चार वेळा आला आणि चारही वेळा एकच वाक्य. पण पाच आलं होतं. मग वडील शिडी चढून वर आले. सात पायऱ्या, प्रत्येक पायरीचा कुरकुर आवाज वेगळा. कंदील उंच धरून त्यांनी विचारलं, मोजणीला पाच कोणी ऐकलं? खरं सांगा. सगळी मुलं चौथीकडे बघू लागली, कारण पाचवी तिची मैत्रीण आणि तिच्या शेजारची गादी. तिने वडिलांकडे पाहिलं. वडिलांना कुठलं उत्तर हवं आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "नाही ऐकलं," ती म्हणाली. मग पहिल्यानेही तेच म्हटलं, दुसरीनेही. वडील खाली गेले आणि मुलं म्हणतायत पाच आलंच नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यावर सूरकाका पुन्हा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तीन कुटुंबं तीन गाड्यांतून वेगवेगळ्या वेळी निघाली. बेकरीवाल्यांनी सवयीने सगळ्यांचे बूट पुसून ठेवले होते, तेवढं एक नेहमीसारखं झालं.

त्या घरी पुन्हा कोणी गेलं नाही. वर्षभरातच सूरकाकांनी पियानो लावणं सोडलं, अशी बातमी आली. ज्या दुकानासाठी ते पियानो लावत त्याच दुकानाचा ट्रक ते चालवू लागले. पियानो लोकांच्या घरी पोचवायचे, बाहेर उभं राहायचं, आत दुसरा माणूस सूर लावायचा. तिच्या घरी ही गोष्ट वडील मान हलवत सांगत, बघा, स्वतःलाच कळलं शेवटी. वडील गेले त्याला आता सहा वर्षं झाली. आई अजूनही म्हणते, माणूस गुणी होता गं, कानांनी घात केला. दर वेळी ती मूग गिळून बसली. नऊ वर्षांची होते, असं ती स्वतःला सांगे, आणि तो युक्तिवाद बरीच वर्षं पुरला. मग दहा वर्षांची झाली, वीस झाली, तीस झाली, स्वतःच्या मुलीला शाळेत सोडू लागली, तरी ती तोच युक्तिवाद वापरत राहिली, मुलीचा आखूड झालेला फ्रॉक आईने अंगात घालावा तसा.

प्रयोगशाळेतून घरी आल्यावर तिने आईकडून सूरकाकांच्या वृद्धाश्रमाचा पत्ता घेतला, कशाला गं या आईच्या प्रश्नाला सहजच म्हणून उत्तर दिलं, आणि पाचवीला फोन लावला. पाचवी दूरच्या एका शहरात शाळेत शिकवते. दोघींचं बोलणं वर्षातून दोनदा, वाढदिवसांना, आणि त्यात तो उन्हाळा सोडून बाकी सगळे उन्हाळे येतात. आज तिने थेट त्या उन्हाळ्याचंच नाव काढलं. काकांना सगळं सांगून टाकणार आहे, ती म्हणाली. पाचवी एकामागून एक कारणं सांगू लागली. बाबांचं वय ब्याऐंशी. त्यांना आता ऐकूही येत नाही धड, मी भेटायला जाते तेव्हा घसा फाटेस्तोवर ओरडावं लागतं. आई गेली, तुझे बाबा गेले, आता कोणाला काय सिद्ध करून दाखवायचंय? शेवटी ती खरं कारण बोलली. माझा आवाज आठ दिवस बसला होता, ती म्हणाली, नवव्या दिवशी परत आला होता, आणि मीही नाही सांगितलं. आईने विचारलं तू माळ्यावर होतीस का, मी मान हलवून नाही म्हटलं, ते खरंच होतं. तू सांगितलंस म्हणजे माझंही सांगितल्यासारखंच होईल. चौथी म्हणाली, हो, होईल. तिला मैत्रिणीची कीव आली आणि तरीही तिचं मन तसूभर हललं नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. "मी उद्या अकरा वाजता जाणार आहे," ती म्हणाली. "तुला आधी सांगायचं असेल तर सकाळ तुझी आहे."

सकाळभर पाचवीचा फोन आला नाही. वृद्धाश्रमाच्या फाटकाशी तिने हातातल्या फोनकडे शेवटचं पाहिलं आणि तो पर्समध्ये टाकला. तिसऱ्या मजल्यावर लांब कॉरिडॉर होता, भिंतीला धरायला दांडा, फरशी पुसायच्या औषधाचा वास. परिचारिकेने तिला जेवणघरात नेलं आणि आपुलकीने बजावलं, जरा मोठ्याने बोला हं, त्यांना कमी येतं ऐकू. जेवणघरात सकाळच्या वेळी पाचसहा माणसं होती. एका भिंतीला जुना उभा पियानो, त्याच्यावर कापडी फुलांची कुंडी आणि औषधांचा ट्रे. कोणी वाजवत नाही, परिचारिका म्हणाली, सामान ठेवायला बरा पडतो. सूरकाका खिडकीशी बसले होते, पियानोकडे पाठ करून. ते केवढे उंच होते तिच्या आठवणीत, शिडीच्या सहाव्या पायरीपर्यंत डोकं पोचणारे; इथे खुर्चीत एक लहानसर म्हातारा होता, स्वच्छ दाढी केलेला, हात मात्र तेच, लांब बोटांचे. चौथी आलीय, तिने सांगितलं, मोठ्याने. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसले. त्यांनी आईची चौकशी केली. वडील गेल्याचं त्यांना कळलं होतं, त्यांनी दोन वाक्यं बोलून दाखवली, मनापासूनची, आणि तिला मान वर करवेना.

ते बोलत होते आणि त्यांची खालची कवळी दर शब्दाला उचलली जात होती. जबड्याचं हाड झिजलेलं, कवळी जुन्या मापाची; प्रत्येक 'स'मागे बारीक शीळ. तिच्या हातांना लगेच कळलं की काय करायला हवं, कुठे भर घालायची, कुठे घासायचं. मी करून देते तुम्हाला नवीन, एवढंच म्हणून निघून जाता आलं असतं. चार भेटींचं काम. दर भेटीत ते आभार मानतील, आणि शेवटी तिला वाटेल की फिटलं सगळं. ते वाक्य तिच्या जिभेवर आलंसुद्धा होतं. तेवढ्यात सूरकाका बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकणार आहे आज, तिचा पट्टा ओरडतोय. तिने कान दिला. तिला काहीच ऐकू आलं नाही. कॉरिडॉरच्या टोकाला, दोन बंद दारांच्या पलीकडे लिफ्ट होती. थोड्या वेळाने परिचारिका कोणाला तरी सांगत गेली, लिफ्ट बंद पडली म्हणून. ती उठून खुर्ची त्यांच्या समोर ओढून बसली. कवळी नंतर, ती मनात म्हणाली, आधी हे. आणि आवाज न चढवता, नेहमीच्या बोलण्यात बोलली.

"काका, त्या दिवशी मोजणीला पाच मी म्हटलं होतं. तिचा आवाज काढून. आणि बाबा वर विचारायला आले तेव्हा पाच ऐकूच आलं नाही, असंही मीच म्हटलं. आधी मी म्हटलं, मग बाकीच्यांनी."

त्यांना ऐकू गेलं की नाही अशी शंका तिला आली नाही, कारण त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून उठला आणि तसाच हवेत राहिला. तिने बाकीचंही सांगितलं, बदक, अंडी, दहा मिनिटांचा करार, आपण झोपून गेलो तेही. पाचवीच्या वाट्याचं तिने लपवलं नाही आणि वाढवूनही सांगितलं नाही. बोलून झाल्यावर ती थांबली. आता ते म्हणतील, तू नऊ वर्षांची होतीस, असं तिला वाटलं. तिने त्या वाक्यासाठी जागासुद्धा करून ठेवली होती. ते तसं काही म्हणाले नाहीत.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले. काय, असं तिने विचारलं. "त्या दिवशी म्हटलंस तसं. पाच."

शेजारच्या टेबलावर एक आजी बिस्किट बुडवून खात होत्या, पलीकडे एक गृहस्थ वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने त्या सगळ्यांदेखत मान थोडी वळवली, ओठ आवळले आणि नाकातून, लांबवून म्हटलं, पाऽच. वर्तमानपत्र खाली आलं. सूरकाकांनी डोळे मिटले होते. ते तसेच खुर्चीचा आधार घेत उठले, तिने पुढे केलेला हात बाजूला सारला, आणि पियानोपाशी गेले. ट्रे त्यांनी शेजारच्या टेबलावर ठेवला. झाकण उघडलं. एक पट्टी दाबली, मान हलवली, मग तिच्या उजवीकडची पुढची. हा पियानो अख्खा उतरलाय, ते म्हणाले, पण ते धरून चाललं तर तू इथे बोलली होतीस. माझी पोरगी इथे बोलायची. त्यांनी डावीकडची पट्टी पुन्हा दाबली, मग उजवीकडची, आळीपाळीने, आणि तिला त्या दोन सुरांत जेमतेम फरक कळत होता. मला तेव्हाच वाटलं होतं, ते म्हणाले, आज ही वरच्या सुरात का बोलते. उत्साहात असेल म्हटलं. पत्ते पिसून झाले होते. सात पायऱ्या होत्या, चढायला हव्या होत्या मी.

मग ते पियानोच्या स्टुलावर बसले आणि बोलत राहिले, बहुतेक पट्ट्यांशीच. पोरं खोटं बोलणार नाहीत, असं मी धरून चाललो, ते म्हणाले, म्हणून मग कान खोटे धरावे लागले. पाच आलं नव्हतं आणि मला आलं, याचा अर्थ मला हवं ते मी ऐकतो. त्यानंतर तार पिळताना दर वेळी मनात यायचं, सूर लागलाय, की लागावा असं मला वाटतंय? असं वाटणाऱ्या माणसाने लोकांच्या पियानोला हात लावू नये. पुढे कोणी हळू हाक मारली तरी मी ओ देईनासा झालो, खरंच मारली की मलाच वाटली म्हणून. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. तिला रडू येत होतं, पण इथे आपण रडलो तर त्यांनाच आपली समजूत घालावी लागेल, हे कळून तिने ते गिळलं. मग त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"वीस वर्षं ट्रक चालवला मी," ते म्हणाले. "नऊ वर्षांची होतीस, ते ठीक. पण दहाव्या वर्षी? विसाव्या?"

"उत्तर नाही माझ्याकडे," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. क्षमा केली असं त्या मान हलवण्यात काही नव्हतं. उत्तर खरं आहे, एवढंच होतं. तिला ते पुरलं. आईला आज संध्याकाळीच सांगायचं, तिने ठरवलं, मग पहिल्याला, दुसरीला, सगळ्यांना, एकेकाला फोन करून, वडिलांनी कडी कशी लावली तेही न गाळता. वडिलांना वाचवायला ती नऊ वर्षांची असताना खोटं बोलली होती, आणि ते आता कोणी वाचवायच्या पलीकडे गेले होते. सूरकाकांची बोटं पट्ट्यांवरून फिरत होती, न दाबता. यातल्या कितीतरी तारा गेल्यात, ते म्हणाले. घरच्या माळ्यावर एक पेटी आहे हत्यारांची, पोरीला विचारायला हवं. मग ते थांबले आणि म्हणाले, तिला लाव फोन.

तिने पर्समधून फोन काढला. पाचवीने पहिल्याच घंटीला उचलला, जणू हातातच धरून बसली होती. सांगितलंस? तिने विचारलं. सांगितलं, ती म्हणाली, आणि फोन सूरकाकांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि लगेच वीतभर लांब धरला, कारण पाचवी सवयीने ओरडत होती. बाबा, ऐकू येतंय का, बाबा, असं त्या जेवणघरात सगळ्यांना ऐकू गेलं. बिस्किट खाणाऱ्या आजींनी मान वर केली. सूरकाकांनी तिचं ओरडणं संपू दिलं. मग पियानोच्या लाकडाला बोटाची पेरं दोनदा आपटली, आणि चौथीकडे न बघता, अगदी शिडीखालून विचारावं तसं म्हणाले, "चार?"

"चार," ती म्हणाली, स्वतःच्या आवाजात.

"पाच?"

फोनमधून काही आलं नाही. पाचवी तिकडे आहे हे कळत होतं, श्वास कळत होता. सूरकाका थांबून राहिले. त्यांना कसलीच घाई नव्हती, त्यांचं एक बोट डावीकडच्या पट्टीवर टेकलेलं होतं. खिडकीखालून एक मोटार गेली, तिचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन विरला. मग त्या लांबच्या शहरातून एक भरलेला, खाली उतरलेला आवाज आला, ओरडायचं विसरलेला.

"पाच."

सूरकाकांनी पट्टी दाबली. तो सूर आणि तो आवाज क्षणभर एकत्र राहिले, आणि या वेळी तिलासुद्धा कळलं की ते जुळले आहेत. पलीकडे पाचवी काहीतरी बोलू लागली होती, तुटक, बाबा, मी तेव्हा, मी. त्यांनी फोन पुन्हा कानाशी नेला आणि दुसऱ्या हाताने पियानोवरची कापडी फुलांची कुंडी उचलून चौथीच्या हातात दिली.

"बोल," ते म्हणाले. "हळू बोललीस तरी चालेल. मला ऐकू येतंय."